ठाण्यावरून फोन येतो तेव्हा

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानंतर आमच्या जिल्ह्यात पोलिसांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाले. अशाच एका वर्गात मी कलम १०० समजावून सांगत होते. मनोरुग्ण वाटणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती हद्दीत भटकताना आढळली, किंवा आजारामुळे तिच्यापासून तिला स्वतःला वा इतरांना धोका दिसला, तर तिला संरक्षणात घेणं हे ठाणे प्रभारींचं कर्तव्य आहे. का नेतोय ते तिला सांगायचं. होईल तितक्या लवकर, आणि कसंही करून चोवीस तासांच्या आत, जवळच्या सरकारी रुग्णालयात पोहोचवायचं. लॉकअपमध्ये कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही.

मागच्या रांगेतून एक हवालदार उभे राहिले. निवृत्तीला आलेले, शांत आवाजाचे. म्हणाले, "मॅडम, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, समजलं. घरचे दार उघडत नाहीत. तुमच्या कॅज्युअल्टीत रात्री नेलं तर सकाळी ओपीडीला आणा म्हणतात. मग रात्रभर त्याला घेऊन मी बसू कुठं?"

वर्गातल्या प्रत्येकाच्या मनातलं ते बोलले होते. माझ्या स्लाइडवर त्याचं उत्तर नव्हतं. मी फळ्यावर माझा मोबाइल नंबर लिहिला आणि म्हटलं, आधी मला फोन करा, मी येते. त्याच आठवड्यात रात्री पहिला फोन आला.

मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकार सामाजिक कार्यकर्ती आहे. रुग्णांच्या घरच्यांशी बोलणं, औषधं चालू राहतात का पाहणं, ग्रामीण रुग्णालयांत शिबिरं घेणं हे माझं काम. पोलिसांबरोबर घटनास्थळी जाणं माझ्या कामाच्या यादीत कुठंच नाही. आमच्या जिल्ह्यात असं पथक कागदावर कधी उभं राहिलं नाही. जे उभं राहिलं ते फोनवर, ओळखीवर, आणि आमच्या मनोविकारतज्ज्ञांनी व एका पोलीस निरीक्षकांनी दिलेल्या तोंडी परवानगीवर.

त्याच्या आधीची वर्षं मी पाहिली आहेत. रुग्ण यायचा तो हात बांधलेला. कधी नायलॉनची दोरी, कधी टॉवेल, एकदा बैलाचं दावं. मनगटावर वळ उठलेले असायचे आणि दोरी सोडायला सगळेच घाबरायचे. १९८७ च्या जुन्या कायद्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाचा रस्ता होता, तो घेऊन गाडी थेट प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे निघायची. राज्यात अशी मोठी मनोरुग्णालयं चारच ठिकाणी, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. आमच्याकडून कुठलंही जवळ नाही. तिथलं फाटक आलं की पोलिसांचं काम संपायचं, घरच्यांचंही संपायचं. तो माणूस वाटेत काय बघत होता, कशाला घाबरत होता, हे कुणी विचारलेलंच नसायचं.

सुरुवातीच्या काळातली एक रात्र सविस्तर सांगते, कारण पुढं आम्ही जे जे करत गेलो त्यातलं बरंचसं तिथं शिकलो.

एका वाडीवर विशीतला मुलगा तीन दिवस खोलीत बसून होता. हातात ऊसतोडीचा कोयता. चुलत्यानं ११२ ला फोन केला होता. मी ठाण्यावरून पोलिसांच्या गाडीतच निघाले. हवालदारांनी वस्तीच्या अलीकडंच सायरन आणि वरचा दिवा बंद करायला लावला, आणि गाडी बोळाच्या तोंडाशी थांबवली. घरासमोर सगळी वाडी जमलेली. पोरं पत्र्यावर चढली होती, तीन-चार जण मोबाइलवर शूटिंग करत होते. हवालदार आधी मुलाकडं गेलेच नाहीत. पोलीस पाटलांना बाजूला घेऊन म्हणाले, "पाटील, ही माणसं देवळापर्यंत मागं न्या. जो शूटिंग करील त्याचा मोबाइल मी जमा करणार." दहा मिनिटांत अंगण रिकामं झालं. हे मला कधीच जमलं नसतं. त्या गर्दीचा आवाज थांबल्यावर आतून येणारं पुटपुटणं पहिल्यांदा ऐकू आलं.

आई ओट्यावर बसली होती. "ताई, लेकरू माझं वाईट नाही हो. तीन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा नाही त्याच्या." झोपेचं तिनं न विचारता सांगितलं. आता मी प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच विचारते, आणि आमच्या भागातले पोलीसही विचारतात. किती दिवस झोप नाही, जेवण कधीपासून सुटलं, आधी कुठलं औषध चालू होतं का, कधी बंद केलं. एवढ्या चार प्रश्नांत अर्धं चित्र उभं राहतं.

दार उघडं होतं. मी दारात उभी राहिले नाही. त्याला बाहेर पडायची वाट मोकळी दिसली पाहिजे, नाहीतर घाबरलेला माणूस ती वाट करून घेतो. मी खिडकीशी बसले. हवालदारांनी टोपी काढून गाडीत ठेवली आणि अंगणात पालथ्या बादलीवर बसले. मुलगा म्हणत होता की वायरीतून माणसं बोलतात, रात्री येऊन मारणार म्हणतात. मी म्हटलं, "मला ते ऐकू येत नाही. तुला येतंय, आणि तू फार घाबरलायस, ते मला दिसतंय." तो पहिल्यांदा माझ्याकडं वळला. बराच वेळ आम्ही तेवढंच बोलत होतो. त्याचे ओठ सुकले होते. आईनं तांब्या पुढं केला तर त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. पाण्यात काहीतरी घातलंय, ही भीती. हवालदार उठले, तांब्या घेतला, स्वतः चार घोट प्यायले, तोंड पुसलं आणि तांब्या उंबऱ्यावर ठेवून परत बादलीवर जाऊन बसले. थोड्या वेळानं मुलानं हात लांब करून तो ओढून घेतला आणि सगळं पाणी एका दमात प्यायला.

कोयता टाक, असं कुणी एकदाही म्हटलं नाही. हवालदार एवढंच म्हणाले, "हात भरून आला असेल बाळा, जरा खाली ठेव. तुझ्याजवळच राहू दे." त्यानं तो मांडीशी ठेवला. मग पायानं हळूच खाटेखाली सरकवला.

पोलिसांच्या गाडीत तो बसेना. मामाच्या टेम्पोत बसतो म्हणाला. तर टेम्पो पुढं, त्यात मामा, तो आणि मी. आणि मागं बरंच अंतर ठेवून पोलिसांची गाडी. कॅज्युअल्टीत हात मोकळे ठेवून चालत आलेला तो माझ्या आठवणीतला पहिला रुग्ण. पुढं त्याचं निदान स्किझोफ्रेनिया झालं. मध्ये दोनदा औषध सोडलं, पुन्हा त्रास झाला, पुन्हा भरती करावं लागलं. आता तो डेअरीवर कॅन उतरवायला जातो.

त्या रात्री गाडीतले उपनिरीक्षक सारखे विचारत होते, अजून किती वेळ. मला त्यांचा राग आला होता. नंतर त्यांच्यासोबत चहा घेताना कळलं. ११२ च्या गाडीत कॉल कधी आला, गाडी कधी पोहोचली, कॉल कधी बंद झाला, सगळ्याची नोंद होते. अंगणात बादलीवर बसून राहणं त्या नोंदीत उशीर म्हणून दिसतं. दुसरे दोन कॉल खोळंबलेले असतात, एखादा अपघाताचा. घाई त्यांच्या स्वभावात नव्हती, कामाच्या मांडणीत होती. ते कळल्यावर आम्ही निरीक्षकांना भेटलो. असा कॉल असेल तर दोन अंमलदार तिथंच थांबतील आणि गाडी मोकळी होऊन पुढच्या कॉलला जाईल, असं त्यांनी ठरवून दिलं. या एका बदलानं जेवढा फरक पडला तेवढा माझ्या कुठल्याही व्याख्यानानं पडला नाही.

जगात इतरत्र अशा प्रसंगांसाठी पोलिसांना शिकवायची पद्धत माणसं गमावूनच आली. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९८७ साली, हातात सुरी घेतलेल्या एका आजारी तरुणाला पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्यानंतर १९८८ मध्ये तिथं खास प्रशिक्षण घेतलेल्या पोलिसांचं पथक तयार झालं. चाळीस तासांचं ते प्रशिक्षण नंतर अनेक देशांत गेलं. कॅनडातल्या व्हँकूवरमध्ये त्याच्याही आधीपासून एका गाडीत पोलीस आणि मानसिक आरोग्याची परिचारिका एकत्र फिरत आहेत. ऑरेगन राज्यातल्या यूजीन शहरात १९८९ पासून पोलिसांशिवाय, फक्त आरोग्य कर्मचारी पाठवायचा प्रयोग झाला. जगभर त्याचं नाव झालं, आणि २०२५ मध्ये यूजीनमधली ती सेवा बंद पडली. आपल्याकडं पोलिसांच्या हातात सहसा काठीच असते आणि घरच्यांचं मोठं गणगोत सोबत असतं, त्यामुळे गोळीपर्यंत गोष्ट क्वचित जाते. आपल्याकडचा धोका वेगळा आहे. दोरी, मारहाण, कोंडून ठेवणं. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडांत बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. आता कायद्यात कलम ९५ नं साखळी बांधायला कुठल्याही स्वरूपात बंदी आहे. तरी गोठ्यात साखळीनं बांधलेला माणूस मी त्यानंतरही पाहिला आहे, आणि तिच्या कुलपाची किल्ली आम्हाला पोलीस सोबत होते म्हणूनच मिळाली.

पोलिसांशिवाय हे काम होईल, असं मला म्हणूनच वाटत नाही. आणि ते एकट्या पोलिसांवर टाकणं हा त्यांच्यावर आणि रुग्णावर, दोघांवर अन्याय आहे. आम्हाला आजार दिसतो, त्यांना धोका दिसतो. पुष्कळदा तर त्यांना आम्हाला न दिसणारी जुनी भांडणं, जमिनीचे वाद, घरातली माणसं दिसतात.

एका संध्याकाळी ठाण्यात नवरा आणि दीर एका बाईला घेऊन आले. बाई वेडी झालीय, अंगावर धावून येते, येरवड्याच्या मनोरुग्णालयात पाठवायचीय, तुमचं पत्र द्या. बाईचे केस विस्कटलेले, बोलणं तुटक, मध्येच मोठ्यानं ओरडणं. मी पोहोचेपर्यंत एका महिला पोलीस नाईकनं जुनं रजिस्टर काढून ठेवलं होतं. मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तपासा. पण आधी हे बघा." त्याच बाईनं मारहाणीबद्दल आधी दिलेल्या तक्रारी होत्या, सगळ्या एनसी, म्हणजे अदखलपात्र, पुढं काही न झालेल्या. आणि त्याच घरात वाटणीचा दावा चालू होता. आम्ही दोघींनी तिला वेगळ्या खोलीत नेलं, चहा दिला. तासाभरानं ती सरळ, सुसूत्र बोलायला लागली. दंडावरचे वळ तिनं स्वतः दाखवले. डॉक्टरांनी तपासलं. भरती करण्यासारखं काही नव्हतं. होतं ते दुःख, जागरण आणि मार. प्रकरण घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडं गेलं.

मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की कुणाची सामाजिक वा आर्थिक स्थिती, किंवा घरच्या-समाजाच्या रिवाजाप्रमाणे न वागणं, हा आजार ठरवायचा आधार होऊ शकत नाही. प्रशिक्षणात मी हे कलम घाईघाईनं सांगून पुढं जायचे. आता त्यावरच सर्वांत जास्त वेळ देते. त्याचबरोबर हेही सांगते की आजारी बाईलाही मार बसतो. रजिस्टरमध्ये तक्रार सापडली म्हणून आजार नाही, आणि आजार सापडला म्हणून तक्रार खोटी, ही दोन्ही अनुमानं चुकीची आहेत.

पोलिसांच्या सवयींचा आणखी एक उपयोग एसटी स्टँडवरच्या एका बाईच्या वेळी कळला. कित्येक दिवस ती पार्सल कार्यालयामागं राहत होती. केसांच्या जटा, पायाला जखम, आणि छातीशी धरलेलं गाठोडं. आमच्यापैकी कुणालाच तिची भाषा कळेना. गाठोडं जाळून टाकावं असं स्टँडवाल्यांचं म्हणणं, कारण वास येत होता. महिला कॉन्स्टेबलनं ऐकलं नाही. तिला समोर बसवून, तिच्या परवानगीनं, एकेक वस्तू काढून वर्तमानपत्रावर मांडली आणि पंचनामा करावा तशी वहीत यादी लिहिली. बाटल्यांची झाकणं. तुटलेली बांगडी. लहान मुलाचा एक मोजा. आणि घडी घातलेली कापडी पिशवी, वर तेलुगू अक्षरांत छापलेलं कुठल्याशा साड्यांच्या दुकानाचं नाव. ती पिशवी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला फक्त मळकं कापड दिसलं होतं. कॉन्स्टेबलला पुरावा दिसला. फोटो काढून रेल्वे पोलिसातल्या ओळखीच्या माणसाला पाठवला, त्यानं दुकानाचं गाव वाचून सांगितलं.

कायद्याप्रमाणे अशा व्यक्तीची मिसिंग दाखल करून नातेवाइकांचा शोध घेणं ठाण्याचं काम आहे. पुष्कळ ठिकाणी ते कागदावर राहतं. इथं वॉर्डात औषधोपचार चालू असताना शोधही चालू राहिला, आणि काही आठवड्यांनी तिचा भाऊ आला. त्याच्याकडं तिचा लग्नातला फोटो होता. बाळंतपणानंतर आजार सुरू झाला होता आणि ती घरातून निघाली होती, हे त्याच्याकडून कळलं. तो मोजा कुणाचा, ते तेव्हा समजलं.

काही फोन असे असतात की जिथं आमचंही काम नसतं, आणि तेवढं ओळखणं हेच काम असतं. मारामारीत अटक झालेला एक माणूस लॉकअपमध्ये तिसऱ्या दिवशी घोंगडीवरचे किडे वेचायला लागला. किडे नव्हतेच. हात थरथरत होते, घामानं भिजलेला, कोपऱ्यात मेलेला भाऊ उभा आहे म्हणत होता. गार्डला वाटलं नाटक करतोय. ठाणे अंमलदारांनी मात्र मला फोन करून एकच वाक्य सांगितलं, "मॅडम, हा काल असा नव्हता." इतकं नेमकं वाक्य मी डॉक्टरांच्या नोंदीतही क्वचित वाचलं आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन ते चार दिवसांत अशी अवस्था येऊ शकते, आणि उपचार न झाल्यास माणूस दगावतो. त्याला मनोरुग्णालयात न नेता थेट मेडिसिनच्या वॉर्डात न्यावं लागतं. तिथं ताप, नाडी, साखर बघतात, लोराझेपॅमसारखं औषध देतात, आणि ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन देतात. म्हातारा माणूस अचानक बरळायला लागला, मधुमेही माणूस एकाएकी अंगावर आला, ताप असून भान जातं-येतं आहे, अशा वेळी वेड शोधायच्या आधी साखर तपासा, हे मी आता प्रत्येक ठाण्यात भिंतीवर लावायला दिलं आहे.

विष घेतलेल्यांचे फोन सर्वांत जास्त थकवतात. आमचा भाग शेतीचा, औषध घरातच असतं. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३०९ ची भीती एवढी होती की घरचे डॉक्टरांशी खोटं बोलायचे. खोकल्याचं औषध समजून प्यायला, फवारताना तोंडात गेलं. त्या खोट्यात उपचाराचा वेळ जायचा. २०१७ च्या कायद्यातल्या कलम ११५ नं सांगितलं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरावं, त्याच्यावर खटला चालवू नये, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते जुनं कलम उरलेलंच नाही. सरकारी नोकराला कामापासून अडवायला किंवा एखादं काम करायला भाग पाडायला केलेला आत्महत्येचा प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. पण वाडी-वस्तीवर अजून "केस होईल" हेच पहिलं वाक्य असतं. म्हणून आमच्या भागातला अंमलदार घरात शिरताच सांगतो, "केस होत नाही. काय घेतलं ते खरं सांगा." आणि डबा किंवा बाटली, लेबलसकट, गाडीत घेऊनच निघतो. औषध कुठलं, यावर उतारा ठरतो.

दुसऱ्या दिवशी रुग्ण उठून बसतो, बोलतो, आणि घरचे डिस्चार्ज मागतात. काही कीटकनाशकांत पहिल्या दिवसानंतर, चौथ्या दिवसापर्यंत, मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. हे आम्ही सांगून कुणाला पटत नाही. वर्दीतला माणूस कॉटशेजारी उभा राहून "डॉक्टर म्हणतील तेव्हाच न्यायचं" म्हणाला की पटतं. वर्दीचा इतका चांगला उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. जबाब घ्यायला येणाऱ्या अंमलदाराला मी एवढंच सांगते की "का केलंस" हा प्रश्न आज विचारू नका. तारीख, वेळ, काय घेतलं, बस. बाकीचं तो आपणहून सांगेल, तुम्हाला नाहीतर मला.

बळ कधीच वापरावं लागत नाही असं मी म्हणणार नाही. वापरावं लागतं. कोवळ्या बाळाला घेऊन विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या आईशी तासभर बोलायची सोय नसते. अशा एका वेळी दोन महिला कॉन्स्टेबलनी झेप घेऊन तिला धरलं आणि योग्य केलं. कलम ९४ खाली जीव वाचवायला कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर बहात्तर तासांपर्यंत तातडीचा उपचार देऊ शकतो, घरातल्या घरातही देऊ शकतो. पण धरायचं कसं, हे शिकावं लागतं. पालथं पाडून पाठीवर गुडघा ठेवला तर श्वास कोंडतो. कुशीवर वळवायचं, एकानं फक्त डोक्याशी बसून सतत बोलत राहायचं, काय करतोय ते सांगत राहायचं. इंजेक्शननंतर कुणीतरी नाडी-श्वास बघत बसलंच पाहिजे. आमच्या नर्सनं पोलीस मैदानावर सतरंजी टाकून हे करून दाखवलं, आणि स्वतः खाली झोपून दाखवलं.

अशाच एका रात्री परत येताना गाडी चालवणारा शिपाई, जो कधी बोलत नसे, म्हणाला, "मॅडम, तो झोपेचा प्रश्न तुम्ही सगळ्यांना विचारता. मला पण कित्येक महिने झोप नाही." बंदोबस्त, सलग ड्युट्या, रेल्वे रुळांवरची प्रेतं उचलणं, घरी लहान मुलगी. तो ओपीडीला आला तेव्हा त्याची एकच विनंती होती, केसपेपरवर बक्कल नंबर लिहू नका. लिहिला नाही. तो बरा झाल्यावर त्याच्या ओळखीनं आणखी काही जण आले, सगळे साध्या कपड्यांत, दुपारी उशिरा, गर्दी ओसरल्यावर. जो माणूस स्वतः या खुर्चीवर बसून गेलाय, तो पुढच्या वेळी कुणाच्या दारात "ए वेड्या" म्हणत नाही. हा बदल मी डोळ्यांनी पाहिला आहे.

डिस्चार्जनंतरचं काम अजून विस्कळीत आहे. औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळालं तर रुग्ण टिकतो, जिल्ह्याच्या गावी यावं लागलं तर मजुरी बुडते आणि तो सोडतो. सुरुवातीला बीट अंमलदार चौकशीला घरी जायचे. हेतू चांगला, पण दारात पोलीस दिसला की आळी गोळा व्हायची, म्हणून आम्ही ते बंद करायला सांगितलं. आता आशा ताई जातात, आणि मी फोन करते. घरच्यांना रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिलेला असतो. ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

सगळ्यात मोठा खड्डा पडतो तो बदल्यांनी. दोन वर्षं लागतात एक ठाणं तयार व्हायला, आणि एका यादीत निरीक्षक, उपनिरीक्षक, ठाणे अंमलदार निघून जातात. नवे साहेब विचारतात, तुम्ही कुणाच्या आदेशानं येता? प्रश्न बरोबर आहे. तोंडी परवानगी माणसाबरोबर जाते. म्हणून यंदा आम्ही जिल्हा शल्यचिकित्सक आणि पोलीस अधीक्षक, दोघांच्या सहीचा लेखी आदेश मागितला आहे. रात्री कॅज्युअल्टीत एक बेड राखीव, फोनवर मनोविकारतज्ज्ञ, दर ठाण्यात एक पुरुष आणि एक महिला अंमलदार या कामासाठी नेमलेले, आणि माझ्यासारख्या कर्मचाऱ्याला रात्री नेण्या-आणण्याची गाडी. मसुदा चार महिन्यांपासून टेबलांवर फिरतो आहे. परवा अधीक्षक कार्यालयातून फोन होता, महिला अंमलदार कमी आहेत, दर ठाण्याऐवजी दर उपविभागाला एक चालेल का. मी म्हटलं चालेल, पण रात्रपाळीला ती उपलब्ध असली पाहिजे, हे त्यात लिहा.